प्रमाणपत्र फायलीत पडून राहू नये म्हणून: विशेष गरजा असलेली मुलं आणि शाळेचा समुपदेशक

चौथीतल्या मुलाला दिवस आणि रात्र कशी होते हे तोंडी विचारलं, तर तो क्रमाने, न चुकता सांगतो. तेच उत्तर वहीत लिहायचं म्हटलं की दोन ओळींत पेन्सिल थांबते, वेलांट्या गळतात, जोडाक्षरं फुटतात. बाईंना वाटतं, आळशी आहे. घरी वाटतं, मोबाईलमुळे लक्ष उडालंय. आणि मुलाला हळूहळू खात्री पटायला लागते की आपण ‘ढ’ आहोत. मुलाचं सर्वांत मोठं नुकसान याच खात्रीने होतं. वाचन उशिरा सुधारलं तरी चालतं. आपल्याला काही जमणारच नाही हे एकदा मनात बसलं की ते काढायला वर्षं जातात.

शाळेतला समुपदेशक इथे उपयोगी पडतो. त्याचं काम नेमकं काय, कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि कुठे बिघडतं, हे पालकांना आणि शिक्षकांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

कोणाचं काम कोणतं

समुपदेशकाने मुलाला खोलीत बोलावून चार गोष्टी समजावल्या की मूल सुधारून वर्गात परत येईल, अशी अपेक्षा असते. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण), स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), श्रवणदोष यांतलं काहीही समजावून जात नाही. बदलायचं असतं ते मुलाभोवतीचं वातावरण: बसायची जागा, प्रश्न विचारायची रीत, परीक्षेचा वेळ, मोठ्यांची भाषा. त्या बदलातून जाताना मुलाच्या मनाची काळजी कोणीतरी घ्यावी लागते. समुपदेशक ही दोन्ही कामं करतो.

निदान करणं त्याचं काम नाही. बुद्ध्यंकाची (आयक्यूची) आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ घेतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. मुलाला वाचायला-लिहायला वेगळ्या पद्धतीने शिकवणं हे विशेष शिक्षकाचं काम, त्यांनाही हीच नोंदणी लागते. हाताची पकड, बसण्याची ठेवण, आवाज-स्पर्शाचा त्रास हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतात. बोलणं आणि भाषा स्पीच थेरपिस्ट बघतात. औषध द्यायचं की नाही हे फक्त बालरोग किंवा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. या सगळ्यांना कळलेली गोष्ट तिसऱ्या तासाला वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकापर्यंत पोचवणारा माणूस म्हणजे समुपदेशक. तो नसला की चांगला अहवालही कपाटात पडून राहतो.

कायद्याचा आधार पक्का आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आहेत. मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेनुसार सोयी करून द्यायच्या, अध्ययन अक्षमता लवकर ओळखायची, हे त्याच्या कलम १६ मध्ये आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. वर्गासमोर ‘मठ्ठ’ म्हणणं मानसिक छळात मोडतं, हे समुपदेशकाने शिक्षकांना स्पष्ट सांगायला हवं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक, पुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक. जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असंही सांगितलं. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत स्वतःचा समुपदेशक नसतो. तिथे तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक हेच मदतीचं पहिलं ठिकाण.

आधी पाहायचं, नाव मागाहून द्यायचं

शिक्षक सांगतात, ‘याला डिस्लेक्सिया असणार.’ डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता; समुपदेशकाने हा शब्द लगेच उचलू नये. पहिले दोन प्रश्न डोळे आणि कान. फळा न दिसणारं मूल चुकीचं उतरवतं; सतत कान फुटणारं मूल श्रुतलेखनात शब्द गाळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी हे मूल हजर असेल आणि शंका पथकाला लेखी दिलेली असेल, एवढं पाहिलं तरी पुष्कळ काम होतं. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते.

मग हजेरी. ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलाचे वर्षातले कित्येक महिने बुडालेले असतात. त्याचं मागे पडणं ही अध्ययन अक्षमता नव्हे. भाषाही बघावी लागते. घरात मराठी, पावरी किंवा कोकणी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर फक्त इंग्रजी वाचनातल्या चुकांवरून काहीच ठरत नाही. अडचण मुलाला येणाऱ्या प्रत्येक भाषेत दिसते का, हा खरा प्रश्न. म्हणूनच चाचणीही मूल ज्या माध्यमात शिकतं त्यात व्हायला हवी. दुसऱ्या भाषेत चाचणी घेतल्यामुळे चुकीचे निघालेले निष्कर्ष मुलाला फार महागात पडतात.

एवढं झाल्यावर सहा ते आठ आठवडे नोंद ठेवायची. वर्गशिक्षकाने आठवड्यातून एकदा तीन गोष्टी जपून ठेवाव्यात: फळ्यावरून उतरवलेला मजकूर, श्रुतलेखन आणि स्वतःच्या मनाने लिहिलेल्या पाच ओळी. या तिघांतला फरक बरंच काही सांगतो. उतरवलेलं ठीक पण श्रुतलेखन कोसळलेलं असेल, तर अडचण आवाजाला अक्षर जोडण्यात असू शकते. तिन्ही सारखंच वेडंवाकडं, ओळ सोडून गेलेलं असेल आणि पाच मिनिटांत हात दुखतो असं मूल म्हणत असेल, तर हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यावं.

मराठीतल्या खुणा इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत, त्या आपल्या आपणच ओळखाव्या लागतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची सततची अदलाबदल. रफार भलत्या अक्षरावर जाणं. काना-मात्रा वाचताना गाळणं. शब्दाचं पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणणं. आकड्यांत तर मराठीची स्वतःची अडचण आहे: ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, म्हणून मूल ५२ लिहितं, ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९ लिहितं. बालभारतीने २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. पण अडखळणाऱ्या मुलाला या जोडीचा आधार खरोखर होतो. पहिली-दुसरीत अशा चुका सगळीच मुलं करतात. चौथीतही त्या तेवढ्याच राहिल्या, तर पुढे पाठवायचं.

शिक्षकांसाठी एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही तपासणी-सूचीही आहे, ॲपवरही मिळते. ती शंका नोंदवण्यापुरती आहे. त्यातून निदान होत नाही, आणि तिचा निकाल मुलाच्या प्रगतिपुस्तकात कधीही लिहू नये.

पालकांशी पहिलं बोलणं

ही भेट घाईने झाली की पुढचं वर्ष वाया जातं. पालकसभेच्या रांगेत, इतर पालकांसमोर हा विषय काढायचाच नाही. वेगळी वेळ द्यायची, निदान ४० मिनिटांची. शक्य असेल तर आई आणि वडील दोघांनाही बोलवायचं. एकट्या आईला सांगितलं की घरी जाऊन ते पटवून देण्याचं ओझं तिच्यावर पडतं, आणि ‘तूच लाडावून ठेवलंस’ हेही तिलाच ऐकावं लागतं. आजी-आजोबा मुलाचा अभ्यास घेत असतील तर तेही आलेले बरे.

सुरुवात मुलाला काय येतं इथून करावी, आणि ते खरं असावं. मग वह्या समोर ठेवाव्यात. बोलणं असं सरळ असावं: ‘गोष्ट ऐकली की त्याला सगळी कळते. वाचताना अक्षरं जोडायला मात्र त्याला वर्गातल्या इतरांपेक्षा बराच वेळ लागतो. का लागतो ते आपण तपासून घेऊ या.’ ‘मंदबुद्धी’, ‘प्रॉब्लेम चाइल्ड’, ‘नॉर्मल नाही’ असले शब्द नकोत. स्वतःच्या अंदाजाने आजाराचं नावही सांगू नये. पालक घरी जाऊन तेच नाव मोबाईलवर शोधतात आणि रात्रभर घाबरून बसतात.

पालक ‘आमच्या घरात असं कोणी नाही’ म्हणून उठून गेले तर त्यांना अडाणी किंवा बेफिकीर समजू नये. मुलगी असेल तर लग्नाची भीती असते, मुलगा असेल तर शाळा काढून टाकेल याची. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं. तोवर वर्गातल्या साध्या सोयी सुरू करता येतात, त्यांना कसलाही कागद लागत नाही. तपासणीसाठी मुलाला पाठवायला मात्र पालकांची लेखी संमती लागतेच.

प्रमाणपत्राची वाट

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १४ व्या आणि १८ व्या वर्षी तपासणी पुन्हा होते. १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं. म्हणजे तिसरीत काढलेला कागद दहावीला आपोआप चालत नाही, आणि हे बहुतेकांना दहावीच्या दिवाळीत कळतं. समुपदेशकाच्या वहीत अशा प्रत्येक मुलाच्या नावापुढे पुढच्या तपासणीचा महिना लिहिलेला असावा.

खासगी केंद्राचा अहवाल उपचारासाठी उपयोगी पडतो, सवलतीसाठी अधिकृत सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव, केईएम आणि नायर ही महापालिकेची रुग्णालयं यासाठी परिचित आहेत. जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे चौकशी करावी. चाचण्या एका दिवसात होत नाहीत. डोळे-कान, बुद्ध्यंक, शैक्षणिक चाचणी, बालरोगतज्ज्ञ अशा फेऱ्या होतात आणि तारखा महिन्यांच्या अंतराने मिळतात. रोजंदारीवरच्या पालकांची प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे शाळेचं पत्र, वह्यांच्या नमुन्यांच्या प्रती, मागची प्रगतिपुस्तकं, आधार कार्ड आणि फोटो पहिल्याच फेरीला सोबत द्यावेत. एक कागद राहिला म्हणून परत पाठवलेलं कुटुंब पुष्कळदा पुन्हा जात नाही.

शाळेचं पत्र हा समुपदेशकाचा मोठा हातभार. ‘अभ्यासात कच्चा आहे’ या वाक्याने डॉक्टरांना काही कळत नाही. ‘पाचवीत आहे, दुसरीच्या पुस्तकातला दहा ओळींचा उतारा वाचायला इतकी मिनिटं लागली, जोडाक्षरांवर थांबतो, ऐकलेल्या उताऱ्यावरच्या पाचपैकी पाच प्रश्नांची उत्तरं बरोबर देतो’ यातून कळतं.

इतर दिव्यांगत्वांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून वैश्विक ओळखपत्र काढायचं. ४० टक्के वा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून पात्र मुलांना प्रवास, मदतनीस, वाचक असे भत्ते मिळतात, आणि मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातले १० महिने. रक्कम छोटी आहे, पण ती मिळते हेच अनेक घरांना माहीत नसतं.

एका गटाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. त्याच मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं निदान बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तर होतं, आणि बौद्धिक अक्षमता साधारण ७० च्या खाली धरतात. मधली मुलं कुठेच बसत नाहीत. त्यांना प्रमाणपत्र नाही, लेखनिक (सांगितलेलं उत्तर पेपरात लिहून देणारा) नाही, जादा वेळ नाही, आणि अभ्यास मात्र खरोखर जड जातो. महिनोन्‌महिने फेऱ्या मारून आलेल्या पालकांना ‘काहीच नाही म्हणाले’ एवढंच समजतं, आणि मग मुलाला मार बसतो. समुपदेशकाची सर्वांत जास्त गरज याच मुलांना आहे. अभ्यासाचे छोटे तुकडे, जास्त उजळणी, हाताने करण्याच्या कामातलं कौशल्य, परीक्षेचे सोपे आणि हमखास गुणांचे प्रश्न आधी पक्के करून घेणं, हे सगळं शाळेला कुणाच्या परवानगीशिवाय करता येतं.

वर्गासाठी एक पान

बारा पानी अहवाल विषयशिक्षक वाचत नाहीत. त्यांच्याकडे दिवसाला सात-आठ तास आणि तासाला पन्नास-साठ मुलं असतात. समुपदेशकाने विशेष शिक्षकाबरोबर बसून त्या अहवालाचं एक पान करावं. त्यात आजाराचं वर्णन नको. काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढंच, आणि सगळं मिळून सहा-सात ओळी.

वाचनाची अडचण असलेल्या मुलासाठी: मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नये, उतारा आदल्या दिवशी सांगावा. फळ्यावरचा सगळा मजकूर उतरवायला लावू नये, छापील प्रत किंवा शेजाऱ्याच्या वहीचा फोटो चालेल. शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या पेपरापुरते; इतिहासात ‘शिवाजी’चा र्‍हस्व-दीर्घ चुकला म्हणून गुण कापू नयेत. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावण्याने चुकीचाच सराव होतो.

एडीएचडी असलेलं मूल खिडकी-दारापासून दूर, शिक्षकाच्या हाताशी बसवावं. दहा गणितांऐवजी पाच-पाचचे दोन तुकडे द्यावेत, मध्ये उठायचं कारण द्यावं: फळा पुसणं, वह्या आणणं. अशा मुलाची मधली सुट्टी शिक्षा म्हणून काढून घेतली की पुढचे तास आणखी कठीण जातात, कारण अंगातली धडपड बाहेर पडायला जागाच राहत नाही. मूल औषधावर असेल तर शिक्षकांनी तासवार नोंद द्यावी. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन ते चार तास टिकतो. सकाळी सातला घेतलेली गोळी शेवटच्या तासांना उतरलेली असते, आणि डबाही तसाच परत जातो कारण भूक कमी होते. या दोन गोष्टी डॉक्टरांना शाळेकडूनच कळू शकतात. गोळी चालू-बंद करण्याचा सल्ला मात्र समुपदेशकाने कधीही देऊ नये.

स्वमग्न मुलासाठी दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक बाकावर चिकटवावं आणि बदल आधी सांगावा. बदली शिक्षक, रद्द झालेला खेळाचा तास, स्नेहसंमेलनाच्या तालमी, प्रार्थनेचा लाऊडस्पीकर, घंटा हे नेहमीचे अडथळे. मूल कान झाकत असेल तर हात ओढून काढू नये. डोळ्यांत बघूनच बोललं पाहिजे असा आग्रहही नको. खाली बघून ते नीट ऐकत असतं.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी फळ्याकडे तोंड करून बोललेलं वाया जातं. फिट येणाऱ्या मुलाच्या वर्गातल्या प्रत्येक शिक्षकाला, शिपायाला आणि रिक्षाकाकांनाही माहीत हवं: कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यायचं.

ही पानं कुठे बिघडतात हे ठरलेलं आहे. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात आणि पान जुन्या कपाटात राहतं, म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधीच जुन्या-नव्या शिक्षकांची गाठ घालून द्यावी, प्रत्येक मुलासाठी दहा मिनिटं पुरतात. बदली शिक्षकाला कोणी सांगत नाही, म्हणून पानाची प्रत मुख्याध्यापकांच्या बदली-तासाच्या वहीत असावी. शिकवणीचे सर वेगळंच सांगतात, म्हणून पालकांनाही प्रत द्यावी. आणि दर तीन महिन्यांनी पान तपासायचं. उपयोग नसलेली ओळ खोडायची.

राग, पळून जाणं, वस्तू फेकणं

‘विनाकारण चिडतो’ असं लिहिलेलं असतं, पण कारण जवळजवळ नेहमी सापडतं. वागण्याआधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, असे तीन रकाने करून दोन आठवडे नोंद ठेवावी, वेळ आणि विषयासह. समजा चौथ्या तासाला गणितात वही फेकली, सरांनी बाहेर उभं केलं, हे चार वेळा दिसलं. बाहेर उभं राहणं ही मुलाच्या लेखी सुटका आहे. शिक्षेनेच वही फेकणं पक्कं केलं. इथे उपाय असा: गणिताचं काम त्याला जमेल इतकं कमी करायचं आणि सुटका मागायचा सोपा मार्ग द्यायचा, उदाहरणार्थ बाकावर लाल कार्ड ठेवलं की दोन मिनिटं पाणी प्यायला जायचं.

नवा मार्ग सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वागणं आधी वाढतं, कारण जुना मार्ग अजून चालतो का हे मूल आजमावतं. नेमक्या त्याच वेळी शिक्षक म्हणतात, ‘तुमचं काही चालत नाही.’ हे होणार आहे, असं समुपदेशकाने आधीच सांगून ठेवावं.

मुलाशी बोलणं

आठवड्यातून एक भेट, अर्ध्या तासाची. ही भेट खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला ठेवू नये. ज्या मुलाला दिवसभर काही जमत नाही त्याचा तोच एक आवडता तास असतो. तो काढून घेतला की समुपदेशन शिक्षा वाटतं. वर्गात ओरडून बोलावू नये. आणि ‘जास्त बोललास तर समुपदेशकांकडे पाठवीन’ अशी धमकी एकाही शिक्षकाने दिली की त्या खोलीत यायला मुलं लाजतात.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या अडचणीबद्दल खरं सांगावं. न सांगितलं तर ते स्वतःचं कारण शोधतं, आणि ते कारण ‘मी वाईट आहे’ असतं. सांगणं साधं हवं: ‘तुझा मेंदू ऐकलेलं पटकन धरतो, वाचलेलं धरायला त्याला वेळ लागतो. म्हणून आपण वाचायची वेगळी रीत शिकतोय. तुझ्यासारखी आणखी मुलं आहेत.’ वर्गातल्या मुलांना मात्र निदान सांगायचं नाही. मुलाची आणि पालकांची इच्छा असेल तरच. मदतनीस मित्र द्यायचा तर तीन-चार जणांनी आलटून पालटून. वर्गातल्या एकाच शहाण्या मुलीवर वर्षभर ही जबाबदारी टाकली की तिचाही अभ्यास आणि खेळ हरवतो.

सहावी-सातवीपासून चिडवणं आणि परीक्षेची भीती वाढते. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं मूल म्हणालं तर ते हसण्यावारी न्यायचं नाही. मरण्याचे विचार येतात का, असं सरळ विचारावं. विचारल्याने विचार येत नाहीत. मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना त्याच दिवशी बोलवायचं, डॉक्टरांकडे पाठवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. गुप्तता इथे संपते, आणि ती कुठे संपते हे पहिल्याच भेटीत मुलाला सांगितलेलं असावं.

लैंगिक छळाचा संशय आला तरीही ती संपते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘शाळेचं नाव जाईल, आतच मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा न बोलणाऱ्या मुलांना धोका जास्त असतो, कारण ती सांगू शकणार नाहीत असं गुन्हेगार धरून चालतो. म्हणून त्यांच्या चित्रांच्या बोलपाटीवर ‘जेवण’, ‘पाणी’, ‘शू’ यांच्याबरोबर शरीराच्या सगळ्या भागांची नावं, ‘नको’ आणि ‘दुखतंय’ ही चित्रं असलीच पाहिजेत. जबाबाच्या आणि साक्षीच्या वेळी विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

आठवीपासून दहावीची तयारी

राज्य मंडळाच्या सवलती दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार ठरतात: लेखनिक, जादा वेळ, काही विषयांत कॅल्क्युलेटर, एका भाषेऐवजी कार्यानुभवासारखा विषय, गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि कार्यानुभव, सवलतीचे गुण. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. परीक्षेचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास भरले जातात, म्हणून नववीच्या उन्हाळ्यातच वैध प्रमाणपत्र हाती असावं.

गणित सोडण्याचा निर्णय आठवीत घाईने होतो. सातवीचं अंकगणित घेतलं की पुढे विज्ञान शाखा, अभियांत्रिकी पदविका असे रस्ते बहुधा बंद होतात. ज्या मुलाला चित्रं, यंत्रं, जोडणी उत्तम जमते पण पाढे येत नाहीत, त्याने आधी कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ घेऊन दोन घटक चाचण्या द्याव्यात, मग ठरवावं.

जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. एवढं बसण्याची सवय नसलेलं मूल शेवटचा तास रिकामं बसून घालवतं. सराव घरी नव्हे, शाळेतच, पूर्वपरीक्षेत याच वेळेने घ्यावा.

लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, दहावीच्या मुलाला बहुधा नववीतला. सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण करून बोलणं, ‘नवीन परिच्छेद’, ‘स्वल्पविराम’ असं म्हणणं, आकृतीत कोणता बिंदू कुठे ते शब्दांत सांगणं, लिहिलेलं वाचून दाखवायला लावणं, याला आठवीपासून सराव लागतो. लेखनिकालाही शिकवावं लागतं: जे सांगितलं तेवढंच लिहायचं, सुचवायचं नाही, कंटाळा दाखवायचा नाही. दोघांची पहिली भेट परीक्षा केंद्राच्या दारात झाली की मूल लाजतं आणि अर्धी उत्तरं मनातच राहतात. निदान तीन सराव पेपर त्यांनी एकत्र सोडवलेले असावेत, आणि एक राखीव लेखनिक ठरवून ठेवावा. मार्च महिन्यात कांजिण्या कोणालाही होतात.

नेहमीची शाळा झेपतच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्याय नववीच्या आधी पालकांसमोर मोकळेपणाने ठेवावा: विषय निवडता येतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. तो निकाल वाढवण्यासाठी नकोशा मुलांना बाहेर काढायचा मार्ग म्हणून वापरला जातो तेव्हा समुपदेशकाने मुख्याध्यापकांना लेखी विरोध नोंदवावा.

दहावीनंतर मूल शाळा सोडताना त्याच्या हातात एक पिशवी द्यावी: प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती, मंडळाने मंजूर केलेल्या सवलतींचं पत्र, वर्गासाठी केलेलं ते एक पान आणि पुढच्या तपासणीची तारीख. अकरावी किंवा आयटीआयच्या प्रवेशात राखीव जागा मागायला हे सगळं लागतं, आणि नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांना आणखी दोन गोष्टी सांगायच्या: राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची एक लाखापर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना, आणि अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा अर्ज. त्या अर्जाची माहिती सतराव्या वर्षी मिळाली तर कागद जमवायला पुरेसा वेळ राहतो.